ऑक्टोबरातल्या दोन तेरेजा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करून टाकते. माझा नवरा मला शंकासुर म्हणतो. कुणी कारण नसताना गोड बोललं, की माझ्या मनात पाल चुकचुकते. भाजीवाल्यानं मेथी एकदम ताजी आहे म्हटलं, की मी जुडी सोडून आतली काडी न काडी बघते. पण हा स्वभाव मी जन्मताना बरोबर आणला नव्हता. तो आमच्या घरात घडला, नेमका ऑक्टोबर महिन्यात, आणि त्याला माझी आई जबाबदार आहे.

माझं नाव तेरेसा. कागदावर तेरेसा, घरात तेरेजा. आईवडील दोघंही नगर जिल्ह्यातले. तिकडच्या आमच्या लोकांच्या तोंडात हे नाव असंच बसलंय. आम्ही कॅथलिक. आमच्यात बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला संताचं नाव देतात, आणि त्या संताचा जो दिवस तो मुलाच्या नावाचा सण. नव्वद-एक्क्याण्णव साली, मी बारा-तेरा वर्षांची असताना, नाशिकच्या आमच्या चाळीतल्या मुलींचे वाढदिवस केक कापून व्हायला लागले होते. आमच्याकडे वाढदिवसाला नुसतं चर्चला जायचं. पुरणपोळी व्हायची ती नावाच्या सणाला.

घोळ असा होता, की ज्यांचे सण आमच्या चर्चमध्ये पाळले जायचे अशा तेरेसा दोन, आणि दोघींचे सण एकाच महिन्यात. एक ऑक्टोबरला फ्रान्समधली तेरेसा. हातात क्रूस आणि गुलाब, चेहरा शाळेतल्या मॉनिटर मुलीसारखा शहाणा. तिला छोटी म्हणतात. पंधरा ऑक्टोबरला स्पेनमधली, छोटीच्या तीनशे वर्षं आधी होऊन गेलेली. हातात लेखणी आणि पुस्तक, चेहऱ्यावरून वाटतं की आता हिशेब विचारेल. ती मोठी. शेजारच्या काकूंना हे पटायचं नाही. एका नावाच्या दोन-दोन कशाला, असं त्यांनी एकदा पप्पांना विचारलं. पप्पा म्हणाले, पंचवटीत काळाराम आहे आणि गोराराम पण आहेच की. काकूंचं समाधान झालं, माझं झालं नाही.

माझा सण पंधरा तारखेचा. त्या दिवशी आई पहाटेपासून पुरणाच्या मागे असायची. मला समोर बसवून माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायची, आणि तो इतका दाबून काढायची की दुखायचं. मग चाळीत प्रत्येक घरी पोळी जायची. हे सगळं ठीक होतं. संशय होता तो एक तारखेचा.

एक तारखेला ती सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, एकटी जायची. शाळेला सुट्टी असली तरी मला न्यायची नाही. आदल्या संध्याकाळी ती दोन गुलाब आणून वर्तमानपत्रात गुंडाळून मोरीतल्या बादलीपाशी ठेवायची. नाशिकमध्ये गुलाबांना काय तोटा, पण आमच्या घरात ते वर्षातून एकदाच यायचे. मिस्सा सातला संपायची आणि आई घरी यायची अकराला. येताना हातात फुलं नसायची. संध्याकाळपर्यंत ती पाणीसुद्धा प्यायची नाही आणि कुणाशी धड बोलायची नाही. पप्पा ओझरला विमानाच्या कारखान्यात कामाला होते. त्या दिवशी ते कारखान्याच्या बसच्या तासभर आधीच स्टॉपवर जाऊन उभे राहायचे. त्यांना विचारलं तर म्हणायचे, आईला विचार. आईला विचारलं तर म्हणायची, डोकं दुखतंय. एकाच तारखेला दरवर्षी डोकं दुखणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

दुसरी गोष्ट माझ्या जन्माची. मी मार्चमध्ये जन्मले. मार्चमधल्या पोरीला मार्चच्या जवळपासचा संत मिळायला हवा. माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या बहुतेक मुलींना नावं अशीच मिळाली होती. मला मात्र सात महिने पुढचं नाव. आजीचं होतं का? नव्हतं. बाप्तिस्म्याला मला धरणाऱ्या धर्ममातेचं होतं का? तेही नव्हतं. आईनं सांगितलं, आवडलं म्हणून ठेवलं. माझी आई साडीसुद्धा टिकेल म्हणून घ्यायची, आवडली म्हणून नाही. त्यामुळे इथं कुठंतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळलं होतं.

मग ते चित्राचं झालं. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत मी पहिली आले, आणि सिस्टरनं मला बक्षीस म्हणून छोट्या तेरेसाचं चित्र दिलं. कडेला सोनेरी नक्षी, मागे प्रार्थना छापलेली. तुझ्याच नावाचं आहे, असं सिस्टर कौतुकानं म्हणाल्या. मी ते घरी नाचवत आणलं. आईनं हातात घेतलं, पाहिलं, आणि चप्पल घालून तडक मागच्या गल्लीतल्या एका कॅथलिक घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात राखणदार देवदूताचं चित्र होतं. तिनं तिथल्या मुलीशी अदलाबदल केली होती. मी आकांडतांडव केलं. आई माझं सगळं ऐकून घेऊन शांतपणे म्हणाली, "तू मोठ्या तेरेजाला प्रार्थना कर. ही तुझी नाय."

ही माझी नाही तर कुणाची? हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे असं मला वाटलं. छोटी तेरेसा सोशिक, गोड, कुणाला उलटून न बोलणारी. मी भांडकुदळ. आईला मी त्या नावाच्या लायकीची वाटत नव्हते, म्हणून तिनं मला दुसरीच्या पदरात टाकलं होतं. हा अपमान मी बरीच वर्षं मनात जपला. आईनं जवळ घेतलं तरी मला वाटायचं, हिला दुसरीच कोणीतरी मुलगी हवी होती.

चौदाव्या वर्षी मी तिचा पाठलाग केला. एक ऑक्टोबरला चर्चबाहेर रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. आई बाहेर आली, देवळाली कॅम्पच्या बसमध्ये बसली आणि गेली. पाठलाग तिथंच संपला, कारण मी त्या बसमध्ये चढले असते तर तिनं पहिल्याच थांब्यावर कान धरून उतरवलं असतं. पण कॅम्पात आपलं कोण आहे, हा विचार मला दोन वर्षं पुरला. माझ्या जन्माच्या आधीपासून मी तीनेक वर्षांची होईपर्यंत आईवडील तिकडे राहायचे. आई एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर आयाचं काम करायची. एवढ्या माहितीवर मी एक अख्खी कादंबरी रचली, जिच्यात मी त्या साहेबाची मुलगी होते. शेवटी आरशात पप्पांचं नाक दिसलं आणि हा संशय मी स्वतःच निकालात काढला.

कॉलेजात असताना चर्चच्या वाचनालयात मला संतचरित्रांचा एक जाडजूड ग्रंथ सापडला. मी त्यातल्या सगळ्या तेरेसा शोधून काढल्या. सगळ्यात जुनी पोर्तुगालची एक राजकन्या, पुढे राणी झालेली आणि शेवटी मठात गेलेली. मग स्पेनमधली मोठी. तिच्यानंतर मात्र रांगच लागली होती. फ्लॉरेन्सच्या मठातली एक, बाविसाव्या वर्षी गेलेली. फ्रान्सची छोटी, चोविसाव्या वर्षी क्षयानं गेलेली. चिलीतली एक तर एकोणिसाव्या वर्षीच गेली. ती संत जाहीर झाली तेव्हा मी शाळेत होते. आणि नंतर, मी वीस वर्षांची असताना संत जाहीर झालेली ती ज्यू घराण्यातली तत्त्वज्ञानाची पंडिता, जिनं मठात जाताना तेरेसा नाव घेतलं आणि जिला नाझींनी मारलं. स्पेनमधल्या मोठीनं मठांची जी शिस्त घालून दिली, त्याच मठांत या सगळ्या गेल्या होत्या आणि तिचं नाव त्यांनी पुढे चालवलं होतं. एकीचं नाव दुसरीनं घ्यायचं, ही जुनीच रीत दिसत होती. संशयी माणसाचं लक्ष आकड्यांकडे जातं, म्हणून मी वयं टिपून ठेवली. मोठीनंतरच्या बहुतेक जणी कोवळ्या वयात गेलेल्या. मला वाटलं, हे नावच जरा अपशकुनी आहे, आणि आईनं ते मला काय बघून दिलं असेल?

दोन हजार दोनच्या जानेवारीत माझं लग्न ठरलं. मुलगा ओझरचा, त्याचे वडील पप्पांच्याच कारखान्यात. मला तो आवडला होता. ही गोष्ट मी कुणाला बोलून दाखवली नाही, कारण आवडलेली वस्तू बोलून दाखवली की हातची जाते असा माझा अनुभव. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नवरानवरीची नावं जाहीर करतात, आणि कुणाला काही अडथळा ठाऊक असेल तर तो सांगावा असं फादर म्हणतात. शिवाय दोघांचे बाप्तिस्म्याचे ताजे दाखले लागतात. माझा बाप्तिस्मा कॅम्पकडच्या जुन्या चर्चमधला. आई म्हणाली, तू पत्र लिहू नको, मी स्वतः जाऊन आणते. मग तिला एकदा गुडघा नडला, एकदा पाहुणे आले, एकदा नुसताच उशीर झाला. साल विचारलं तर म्हणाली, आठवत नाय.

पोटच्या पोरीच्या बाप्तिस्म्याचं साल आईला आठवत नाही? मी तिला न सांगता पत्र लिहून टाकलं. स्वतःचं नाव आणि आईवडिलांची नावं लिहिली. जन्मतारखेची जागा मुद्दाम मोकळी सोडली. चर्चच्या वहीत काय आहे ते मला पाहायचं होतं, मी सांगितलेलंच परत माझ्याकडे यायला नको होतं. दाखला थेट ओझरच्या चर्चला पाठवा असंही वर लिहिलं, म्हणजे मध्ये आईचा हात लागणार नाही. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्यांदा केली नाही.

दुसऱ्या रविवारची घोषणा झाली आणि मंगळवारी माझ्या होणाऱ्या सासूबाई आमच्या दारात उभ्या. एकट्याच. चहा समोर ठेवला, त्यांनी हात लावला नाही. ओझरच्या फादरनी दिलेला चार घड्यांचा कागद पर्समधून काढून टेबलावर पसरला. माझा बाप्तिस्म्याचा दाखला. नाव माझं, आईवडील माझे, आणि जन्म सप्टेंबर पंच्याहत्तर. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मार्च अठ्ठ्याहत्तर होतं. मुलगा शहात्तरचा. म्हणजे या कागदाप्रमाणे मी नवऱ्यापेक्षा मोठी होते, आणि आम्ही वय लपवून पोर त्यांच्या गळ्यात मारत होतो.

सासूबाई आवाज न चढवता आईला म्हणाल्या, "ताई, शाळा अठ्ठ्याहत्तर सांगते, देवाचं घर पंच्याहत्तर सांगतं. आम्ही खरं कुणाचं मानायचं?" येत्या रविवारी तिसरी घोषणा होती. त्याआधी उलगडा झाला नाही तर ती करू नका असं फादरना सांगावं लागेल, हेही त्यांनी स्पष्ट केलं. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर पहिल्याच रविवारी आले असते.

मी आईकडे बघत होते. माणूस अनपेक्षित काही ऐकतो तेव्हा दचकतो, कागद ओढून घेतो, निदान काय म्हणता म्हणतो. आई दचकली नाही. तिनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. चूक झाली असंल, एवढंच पुटपुटली. पप्पा उठले, चपला घातल्या आणि त्या दिवशी रजा असूनही बसस्टॉपकडे निघून गेले. तेव्हा माझी खात्री पटली, की या दोघांना ठाऊक आहे आणि मला नाही.

सासूबाई कागद तिथंच ठेवून गेल्यावर आई म्हणाली, मी उद्या कॅम्पात जाऊन बघते. मी म्हणाले, तू नाही, मी जाणार. तिनं अडवलं नाही, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. मी मनातल्या मनात सगळ्या शक्यता मांडल्या. एक तर शाळेत घालताना यांनी माझी तीन वर्षं खाल्ली होती. नाहीतर तो दाखला यांच्या खऱ्या मुलीचा होता आणि मी कुठून तरी आणलेली, तिच्या कागदांवर वाढवलेली होते. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटत होती, कारण तिच्यात सगळं बसत होतं. ही तुझी नाय, हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेचा दाखला घेऊन जुन्या चर्चच्या ऑफिसात गेले. फादर म्हातारे होते, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्यांना सांगितलं, दाखला चुकलाय. ते म्हणाले, वहीत असेल तेच मी लिहितो. त्यांनी ती लांबट वही काढली आणि शेवटची पानं उघडली. तिथं नावांची यादी असते, नावापुढे पानाचा नंबर. त्यांचं बोट माझ्या नावापाशी थांबलं, मग एक ओळ खाली सरकलं, परत वर गेलं. त्यांनी पानं उलटून एक जागा बघितली, मग बरीच पुढची एक. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "तेरेसा दोन आहेत, बाळा. आईवडील एकच."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. त्यांना कळलं होतं. ते उठले, कपाटातून एक पातळ वही घेऊन आले. ती दफनाची होती. त्यांनी पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. एप्रिल सत्त्याहत्तर. माझं नाव. वय एक वर्ष सात महिने. माझ्या जन्माच्या अकरा महिने आधी मला पुरलं होतं, असं त्या पानावर लिहिलेलं होतं.

फादरनी मला नवा दाखला लिहून दिला, सप्टेंबरचा नाही, मार्चचा. मी पत्रात तारीख लिहिली असती तर हे झालं नसतं, असंही म्हणाले. पण रागावून नाही. मग त्यांनी स्वतःच स्मशानाकडचं दार दाखवलं. लहान मुलांच्या थडग्यांची एक ओळ होती. सिमेंटचा गुडघाभर क्रूस, त्यावर ओल्या सिमेंटमध्ये काडीनं कोरलेली रोमन अक्षरं. स्पेलिंगसुद्धा माझंच. स्वतःचं नाव तिथं वाचल्यावर मला रडू आलं असेल असं सगळ्यांना वाटतं. नाही आलं. मला राग आला. यांनी मला एक अख्खं माणूस म्हणून जन्माला घातलंच नव्हतं, रिकाम्या झालेल्या जागेवर बसवलं होतं, असं मला वाटलं आणि मी पाय आपटत बसस्टॉपवर आले.

घरी आई ओट्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. मी नवा दाखला तिच्या पुढ्यात टाकला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण तिनं तो पुसून बाजूला ठेवला आणि तांदूळ निवडता निवडताच सांगायला लागली, इतकी वर्षं तयार करून ठेवल्यासारखं. पहिली मुलगी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली, म्हणून एक ऑक्टोबरचं नाव ठेवलं. छोट्या तेरेसाचं. ती फार गुणी होती. हे आई म्हणाली तेव्हा मी दात आवळले. तापानं तीन दिवसांत गेली. पुढच्या वर्षी मी झाले.

मग तेच नाव का ठेवलं, असं मी विचारलं. माझा आवाज चांगला नव्हता. आई म्हणाली, "दुसरं नाव ठेवलं व्हतं घरात. पण हाक मारायला तोंड उघडलं की तेच निघायचं. महिनाभर तसंच चाललं. मंग म्हनलं, राहू दे."

पण तिला भीती वाटत होती. तेच नाव, तीच संत, म्हणजे तेच नशीब. बाप्तिस्म्याच्या आधी ती तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरकडे गेली आणि विचारलं, तेरेजा नावाच्या संत किती हायेत? सिस्टरनं तीन-चार जणींची माहिती सांगितली. आईला त्यांच्या चमत्कारांत आणि पुस्तकांत काही रस नव्हता. तिचा प्रश्न एकच होता, "यातली म्हातारी होऊन मेलेली कोन?" सिस्टरनं स्पेनमधली सांगितली. सदुसष्ट वर्षं जगली. आई म्हणाली, मंग हिला तिची लिहा.

मी हे सगळं वाचनालयात एकटीनं शोधून काढलं होतं. सगळी वयं माझ्याकडे वहीत लिहिलेली होती. फक्त ती कशासाठी बघायची हे मला कळलं नव्हतं.

तरीही माझा संशय संपला नव्हता. तो असा एका दिवसात संपत नाही. मी विचारलं, की इतकी वर्षं तू तेरेजा म्हणून हाक मारत होतीस ती कुणाला? आईनं तांदळातला खडा काढून ओट्याच्या कडेला ठेवला. खोटं बोलायचं असतं तर ती लगेच बोलली असती, हे मला माहीत आहे. "पयलं तिलाच मारायचे," ती म्हणाली. "तू एक वर्स सात महिन्यांची झाली, आन् आठवा लागला. तवापासनं तुला."

मी तिच्याजवळ बसून तांदूळ निवडायला लागले. निवडण्यासारखं त्यात फार काही नव्हतं.

शनिवारी आई दोन्ही दाखले घेऊन ओझरला गेली. मी बरोबर होते. सासूबाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि उजेडाला धरून पाहिले. एक कागद होता तेव्हा त्यांना एक संशय होता, आता दोन झाले असावेत. एकाच घरात एका नावाच्या दोन मुली कोण ठेवतं, असं त्यांनी विचारलंच. आईनं मला जे सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं, त्याच क्रमानं, म्हातारी होऊन मेलेली कोण इथपर्यंत. मग सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, नवऱ्याला बोलवायला गेल्या, आता लग्न मोडलं. त्या चहा घेऊन आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि बशीत ओतून प्यायल्या. रविवारी तिसरी घोषणा झाली, आणि कुणी अडथळा सांगितला नाही.

फेब्रुवारीत लग्न झालं. लग्नानंतर आमच्यात एक काम उरतं, जे बहुतेकांना ठाऊकही नसतं. लग्न जिथं लागलं तिथले फादर बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतात, आणि तिथल्या वहीत आपल्या नावापुढे समासात लिहिलं जातं, की हिचं अमक्याशी लग्न झालं. हे पत्र पोस्टानं जातं. आईनं ते पोस्टानं जाऊ दिलं नाही. तिनं माझ्या नवऱ्याकरवी ते ओझरच्या फादरकडून मागून घेतलं आणि मला म्हणाली, चल. मी नव्या संसारातली, मला त्या आठवड्यात हजार कामं होती. पण तिला एकटीला त्या वहीपुढे सोडायचं माझ्या जिवावर आलं.

तेच ऑफिस, तेच फादर. त्यांनी पत्र वाचलं, माझं अभिनंदन केलं आणि वही काढली. यादी उघडली, वरच्या ओळीतला नंबर पाहिला, ते पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं. मी सांगणार होते, पण आई माझ्या आधी पुढे झाली. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ते पान कुणाचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिनं त्याच्यावर आपला पंजा ठेवला.

"या पानावर लग्न नका लिहू, फादर," ती म्हणाली. "ही दीड वर्साची हाय."

फादरनी पेन वर घेतलं आणि माझं पान काढण्यासाठी हात पुढे केला. आईनं आपला पंजा लगेच उचलला नाही. आम्ही दोघंही थांबलो.